डावीकडे जाणारा बाण

“डावीकडेच गेला परत,” रेनो साल्मी म्हणाला.

“दिसतंय मला,” डेल्फीन म्हणाली. “डोळे शाबूत आहेत माझे.”

घरामागच्या उतारावर गवताचे गठ्ठे रचले होते. मधल्या गठ्ठ्याला जेवणाची कागदी ताटली ठोकली होती आणि बाण तिच्यापासून वीतभर डावीकडे, शेपूट वाकडी करून रुतला होता. टॉइमी हार्यू मागच्या पायरीवर मग घेऊन बसला होता. त्याने एक घोट घेतला. कॉफी आज खरोखरच छान झाली होती.

बायकोचा बाण चुकला की नवऱ्याला कॉफी गोड लागावी, हे काही शोभणारं नाही. टॉइमीलाही ते कळत होतं. पण कळलं म्हणून थांबतं थोडंच?

धनुष्य त्याचं होतं. लग्नाच्या आधीपासून त्याचं. नव्या धनुष्यांसारखी दोरी ओढणं सोपं करणारी चाकं नाहीत, नेमाची दुर्बीण नाही, नुसतं लाकूड आणि दोरी, आणि मुठीच्या वर बाण ठेवायला एक खाच. गावातली निम्मी माणसं बंदुकीने हरीण मारायची, उरलेली चाकांच्या धनुष्याने. साध्या लाकडी धनुष्याने मारणारे टॉइमी आणि रेनो दोघेच, आणि दोघांतला बरा नेमबाज कोण, हे दुकानात कोणालाही विचारलं असतं तरी एकच नाव आलं असतं. टॉइमी रस्ताखात्यात होता. हिवाळाभर बर्फ लोटणारी मोठी गाडी चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच गाडीच्या पायरीवरून घसरून उजव्या खांद्यावर पडला. तेव्हापासून त्याला गॅरेजमध्ये टेलिफोनजवळ बसवलं होतं. कुठला रस्ता बंद, कुठला चालू, हे तो लोकांना सांगायचा. डॉक्टरने दोरी ओढायचं नाव काढू नका म्हणून सांगितलं होतं, आणि टॉइमी भेटेल त्याला सांगत होता, “पुढच्या वर्षी.”

धनुष्य स्वयंपाकघरात दाराच्या वर दोन खुंट्यांवर आडवं टांगलेलं असायचं. जुलैत एका संध्याकाळी डेल्फीनने स्टुलावर चढून ते खाली काढलं.

“बघू का ओढून?” ती म्हणाली.

“ओढ की,” टॉइमी हसत म्हणाला. “मनगट सांभाळ.”

तिने ओढलं. सहज, पुरं, हनुवटीपर्यंत. तीस वर्षं वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसणाऱ्या बाईच्या पाठीत काय ताकद असते, याचा विचार टॉइमीने कधी केलाच नव्हता. त्या क्षणी त्याच्या पोटात जे दुखायला लागलं, ते सप्टेंबर संपत आला तरी थांबलं नव्हतं.

त्यात रेनो. इतकी वर्षं रेनोच्या गाडीचं दार वाजलं की तो आधी स्वयंपाकघरात यायचा, खुर्ची ओढायचा, टॉइमीच्या पाठीवर थाप मारायचा. आता तो घराला वळसा घालून थेट मागे जायचा. डेल्फीनने वेलची घालून केलेला गोड पाव तिथेच उभ्या उभ्या खायचा. “कोपर वर घे, डेल. शाबास, डेल.” टॉइमीला हा डेल शब्द नाकात मिरची गेल्यासारखा झोंबायचा. लग्नानंतर तिला डेल म्हणणारा आजवर टॉइमी एकटाच होता.

बाण मात्र डावीकडेच जात होते. रेनोचं ठाम मत होतं की दोष टेकणीचा आहे. बाण ज्यावर टेकतो ती टेकण. टॉइमीने खाचेच्या तळाला जुन्या बुटाच्या जिभेचं चामडं चिकटवलं होतं. ते सुकून कडक झालंय, थंडीत त्याचा आवाजही होईल, असं म्हणून रेनोने ते खरवडून काढलं. मग वासराचं केसाळ कातडं लावलं. डावीकडे. मग डेल्फीनने स्वतः रानटर्कीच्या पंखातली दोन पिसं कातरून, त्यांचे दांडे तासून टेकण केली. इतकी सुबक, की टॉइमीला तिच्याकडे बघवेना. पण डावीकडे. आता रेनोने दुकानातून प्लॅस्टिकची आणली होती, लवचीक काडीवाली. तीही डावीकडे.

टॉइमीला कारण माहीत होतं. पहिल्याच दिवशी, दुसऱ्या बाणाला कळलं होतं.

बाण सुटताना आधी वाकतो, मग सरळ होतो. टॉइमीचे हात लांब. तो दोरी पार कानाकडे ओढायचा आणि बाण जोरात वाकायचा. म्हणून त्याने खाचेच्या उभ्या बाजूला, बाण जिथून घासून जातो तिथे, तिथल्या वेगळ्या चामड्याखाली आणखी एक जाड पट्टी दडवली होती. त्याच्या हाताला ती अगदी बरोबर बसली होती. डेल्फीनचे हात आखूड. तिचा बाण तेवढा वाकत नव्हता, आणि ती पट्टी त्याला डावीकडे ढकलत होती. बाण कशावर टेकतो ते सगळे बघत होते. कशाला घासतो ते कोणी बघत नव्हतं. एक सुरी आणि पाच मिनिटं, एवढंच काम होतं. पण ती पट्टी निघाली की ते धनुष्य डेल्फीनचं झालं असतं. मग पुढच्या वर्षी, खांदा बरा झाल्यावर, टॉइमीने कशाने शिकार करायची?

रेनो गेल्यावर जेवताना डेल्फीनने सरळच विचारलं.

“तुला काय वाटतं? कुठली टेकण लावू?”

“तुझा गुरू काय म्हणतो?”

“गुरूला नाही विचारत. तुला विचारते आहे.”

टॉइमीने बटाटा मोडला. वर लोणी घातलं. “केसाळ कातडंच बरं,” तो म्हणाला. “तेच लाव परत.”

“तेच?”

“हो. हाताला सवय व्हायला वेळ लागतो. घाई केली की असंच होतं.”

डेल्फीनने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग मीठ पुढे सरकवलं.

शिकारीचा हंगाम उघडायच्या आधीचा शनिवार आला. टेकडीवरची मेपलची झाडं लाल झाली होती, सकाळी गवतावर दहिवर पडत होतं. डेल्फीनने केसाळ कातडं लावलं होतं. पहिला बाण डावीकडे. दुसरा डावीकडे. तिसरा तर गठ्ठ्याच्या कडेला आडवा आदळला आणि झुडपात गेला.

“वाऱ्यामुळे असेल,” रेनो म्हणाला.

“कुठला वारा?” डेल्फीनने हातमोजा काढला. “बास झालं. मी नाही जात शिकारीला.”

“अगं, अजून चार दिवस आहेत—”

“रेनो, ही ताटली आहे. ही काही ओरडत नाही. हरणाच्या पोटात असा बाण मारायचा, आणि ते बिचारं तो घेऊन दिवसभर जंगलात फिरणार? मला नाही जमणार ते.”

ती घरात आली. टॉइमी तिच्यामागून आत आला. आनंद लपवायला त्याला खाली बघावं लागलं, इतका आनंद त्याला झाला होता. डेल्फीनने धनुष्य त्याच्यापुढे धरलं.

“घे. तूच टांग. तुझं आहे.”

टॉइमीने ते दोन्ही हातांत घेतलं. केवढ्या दिवसांनी घेतलं! दाराशी गेला आणि हात वर केले. डावं टोक डाव्या खुंटीवर बसलं. उजवा हात कानापर्यंत गेला आणि तिथे अडला. त्याने दात दाबून जोर लावला. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. धनुष्य एका खुंटीवर तिरपं लोंबत राहिलं. रेनो मागोमाग दारात येऊन उभा होता. तो आपल्या बुटांकडे बघू लागला.

डेल्फीन चवड्यांवर उभी राहिली. तिने एका बोटाने उजवं टोक वर ढकललं आणि ते खुंटीवर बसलं.

टॉइमी खुर्चीवर बसला. खांदा चोळावासा वाटत होता, पण रेनोसमोर त्याने चोळला नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी, असं तो दोन वर्षं म्हणत होता. ज्याला खुंटीवर धनुष्य टांगता येत नाही, तो ते ओढणार कसा? हे त्याला आज पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, आणि ते बायकोने आणि रेनोने एकाच वेळी बघितलं याचा त्याला भयंकर राग आला.

“काढ ते खाली,” तो म्हणाला.

“आत्ताच तर टांगलं.”

“काढ म्हणतो ना. आणि सुरी दे, बटाटे सोलायची.”

त्याने धनुष्य मांडीवर आडवं घेतलं. खाचेच्या उभ्या बाजूचं चामडं सुरीच्या टोकाने उचकटलं. ते निघालं, आणि खालून दुसरी पट्टी दिसली, जाड, डिंकाने काळी पडलेली. रेनो पुढे वाकला.

“हे काय? हे कधीपासून आहे इथे?”

“पहिल्यापासून.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं? आणि मी मूर्खासारखा दर आठवड्याला नवीन टेकण आणतोय! अरे, दुकानदार हसायला लागला मला!”

टॉइमी पट्टी खरवडत राहिला.

“त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे,” डेल्फीन म्हणाली.

टॉइमीचा हात थांबला.

“काय आहे ते मला कळत नव्हतं,” ती म्हणाली. “पण तुला कळतंय हे कळत होतं. माझा बाण चुकला की तू दुसरा कप मागतोस, टॉइमी. एरवी डॉक्टर एकच म्हणालाय म्हणून कुरकुरत एकच पितोस.”

“मग बोलली का नाहीस?”

“कधी सांगतोस ते बघत होते.”

“आणि नसतं सांगितलं तर?”

“तर नसते गेले.” तिच्या आवाजात राग होता, आणि तो तिने लपवला नाही. “तुला तेच हवं होतं ना?”

“हो,” टॉइमी म्हणाला. “तेच हवं होतं.”

रेनोला एकाएकी गाडीत काहीतरी विसरल्याचं आठवलं. तो बाहेर गेला.

टॉइमीने लाकूड साफ केलं. उभ्या बाजूला त्याने एक पातळ चामडं तेवढं चिकटवलं, कागदाइतकं. खाचेतलं केसाळ कातडंही काढून टाकलं. “हे दहिवराने ओलं झालं की गोठून ताठ होतं,” तो म्हणाला. “बाण धरून ठेवतं. मी मुद्दाम सांगितलं होतं तुला.”

“शाबास.”

“तुझी ती पिसांची टेकण कुठे आहे?”

ती ओट्यावरच्या कपात होती. त्याने ती खाचेत बसवली आणि अंगठ्याने दाबून धरली. “हीच ठेव. आवाज करत नाही. पाऊस आला तर वरून हात धर.” मग जरा थांबून, जबरदस्तीने बोलावं तसं तो म्हणाला, “चांगली केली आहेस.”

बाहेर डेल्फीनने बाण लावला, ओढला, सोडला. ताटलीच्या मधोमध टप्प असा आवाज झाला. बाण सरळ उभा, शेपूट जराही वाकडी नाही. तिने दुसरा मारला. तो पहिल्याला खेटून बसला. रेनोने टोपी हवेत उडवली आणि स्वतःच नेम मारल्यासारखा ओरडला.

टॉइमी पायरीवरच होता. चांगलं काम केलं की मन हलकं होतं म्हणतात. त्याचं झालं नाही. दोन बाण असे खेटून या धनुष्यातून त्याने कधी मारले होते का, ते तो आठवून बघत होता. एकदा मारले होते बहुतेक. तेव्हा तो तरुण होता. पोटातलं दुखणं होतं तिथेच होतं, फक्त आता त्यात लपवायला काही उरलं नव्हतं.

हंगाम उघडायच्या आदल्या संध्याकाळी डेल्फीन बूट तेल लावून पुसत होती.

“कुठे बसणार आहेस?” टॉइमीने विचारलं.

“रेनो म्हणतो, गिरणीमागच्या खोलगट भागात.”

“तिथे काही येत नाही. रेनोला तिथे कधी काही मिळालंय?” टॉइमीने खुर्ची जवळ ओढली. “नीट ऐक. ओढ्यावर बीव्हरनी लाकडं कुरतडून घातलेला बांध आहे ना, तो ओलांडायचा. पलीकडे हेमलॉकचं एक झाड पडलेलं आहे, मुळासकट. मुळांच्या मागे बसायचं. वारा तळ्याकडून असेल तरच. नसेल तर घरी ये. हरीण पाण्याच्या कडेने येतं, उजवीकडून. मान खाली घालेपर्यंत थांबायचं.”

डेल्फीनचा हात बुटावर थांबला. ही जागा टॉइमीने कधीच कोणाला सांगितली नव्हती. रेनोने तर ती शोधायला एकदा त्याचा माग काढला होता, आणि टॉइमीने त्याला मुद्दाम दलदलीतून फिरवून आणलं होतं.

“रेनोला दाखवू नकोस,” टॉइमी म्हणाला.

“तो येत नाहीये,” ती म्हणाली. “मी एकटीच जाते आहे. त्याला सांगितलं मी कालच.”

सकाळी ती गेली तेव्हा तो जागाच होता, पण उठला नाही. गाडीचा आवाज रस्त्याला लागला, मग तो उठला आणि दिवा न लावता स्वयंपाकघरात येऊन बसला. हळूहळू खिडकीतून झाडं दिसू लागली. आधी नुसती काळी, मग एकेक वेगळी. नेम धरता येईल एवढा उजेड कधी होतो, ते त्याला घड्याळाशिवाय कळायचं. तो आत्ता झाला होता. वारा तळ्याकडूनच होता.

टेबलावर त्याचा उजवा हात पडला होता. मधली तीन बोटं धनुष्याची दोरी पकडल्यासारखी वळली होती, आणि ती कधी वळली हे त्याला कळलं नव्हतं. डाव्या हाताने त्याने ती एकेक करून सरळ केली आणि टेबलावर सपाट दाबून ठेवली.