कागदावरचे पाय

"कागद?" अल्फियसने हात पुढे केला.

"कागद नाही आणला, काका. निरोप आणलाय," व्हर्डेल म्हणाली.

डनवेंच्या जोड्यांच्या दुकानाला लागून एक बोळ होता आणि त्या बोळात उघडणारा एक अर्धा दरवाजा. आम्हा काळ्या लोकांची खरेदी तिथे चालायची. पुढच्या दालनात लाल गादीच्या आठ खुर्च्या होत्या, त्या गोऱ्यांसाठी. आम्ही घरी किराण्याच्या पिशवीचा कागद जमिनीवर पसरायचो, त्यावर पाय ठेवायचो, पेन्सिलीने भोवती रेघ ओढून घ्यायचो आणि खाली नाव लिहून तो कागद बोळात आणून द्यायचो. दुकानात कामाला असलेला आमच्यातलाच अल्फियस पेटवे त्या रेघेबरहुकूम आतून जोडा काढून द्यायचा. घालून बघायचा तो घरी. नाही बसला तर तुमचं नशीब, कारण काळ्या पायात गेलेला जोडा दुकान परत घेत नसे.

याचं कारण फार खोल नव्हतं. नीट माप घ्यायचं तर विकणाऱ्याला गिऱ्हाइकापुढे गुडघ्यांवर बसावं लागतं, त्याचा पाय हातात घ्यावा लागतो. गोऱ्या माणसाला काळ्यापुढे गुडघे टेकायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आमच्या अलाबामात याहून क्षुल्लक कारणांसाठी याहून मोठे खटाटोप चालत.

अल्फियस या कामात सव्वीस वर्षं मुरलेला होता. कागद हातात आला की तो आधी विचारायचा, पाय सकाळी काढलाय की संध्याकाळी? बसून की उभं राहून? पेन्सिल सरळ धरली होती की तिरपी? मग रेघेवरून अंगठा फिरवायचा आणि आत जाऊन खोका घेऊन यायचा. रस्त्यात भेटलात तर तो तुमच्या तोंडाकडे नंतर बघायचा, आधी पायांकडे. नावात चुकायचा, नंबरात नाही.

व्हर्डेल आमच्या शाळेत शिकवायची. अंगकाठी चिमणीएवढी, पण बोलायला लागली की थांबवणं कठीण.

"रविवारपासून बाजारपेठेत आपल्यातलं कुणी खरेदी करणार नाही," ती म्हणाली. "ईस्टरला सगळे नवे जोडे घालतात, आपण जुने घालून चर्चला यायचं. आपल्याला खुर्चीवर बसवून माप घेत नाहीत तोवर डनवेंकडून साधी नाडीसुद्धा घ्यायची नाही. काल सभेत ठरलंय. तुम्ही आला नव्हतात."

"ईस्टरला जुने जोडे? आणि पोरांना काय सांगणार?"

"खरं काय ते सांगणार."

"खुर्ची, खुर्ची! काय सोनं लागलंय त्या खुर्चीला?" अल्फियस चिडला. "मी आहे ना इथे. सव्वीस वर्षांत माझ्या हातचा एक जोडा परत आलाय का? विचार जा कुणालाही."

व्हर्डेलने त्याच्याकडे पाहिलं.

"परत घेतात कुठे, काका?"

अल्फियसने दरवाज्याची कडी चाचपली. ती मात्र थांबली नाही. "रागावू नका. पण तुमचा हात इतका चांगला आहे ना, म्हणून हा दरवाजा इतकी वर्षं चालला. तुम्ही जरा कामचुकार असता तर आम्ही कधीच पुढे जाऊन भांडलो असतो."

"हे वर्गात शिकवा, मास्तरीणबाई. मला काम आहे," असं म्हणून अल्फियसने दरवाजा लावून घेतला. काम काहीच नव्हतं.

पुढचे तीन आठवडे त्या दरवाज्यावर कुणी आलं नाही. एरवी ईस्टरच्या आधी बोळात रांग लागायची, पोरं एकमेकांना ढकलायची, बायका कागद छातीशी धरून जपून आणायच्या. आता अल्फियस दिवसभर खोके पुसायचा. पुसलेले पुन्हा पुसायचा. त्याला कुणी वाईट बोललं नाही, हे तर आणखी वाईट. रविवारी चर्चच्या पायरीवर पुरुषमंडळी बोलत उभी असायची आणि तो जवळ आला की सगळ्यांना अचानक हवापाण्याची आठवण व्हायची. "गरम होतंय, नाही?" "होतंय खरं." संपलं. घरी जाऊन तो चवळी गरम करायचा, मक्याच्या पावाचा तुकडा मोडायचा आणि रेडिओतल्या माणसांचं बोलणं ऐकत जेवायचा. त्याची बायको लुवेनिया जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माणसांशी बोलायची त्याची जागा म्हणजे तो अर्धा दरवाजा, आणि तोच ओस पडला होता.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी डनवेसाहेब स्वतः मागच्या खोलीत आले. साहेब काही वाईट माणूस नव्हते. ज्यांना वाईट व्हायची गरजच पडत नाही, त्यांच्याइतके चांगले होते.

"अल्फियस, तुझ्याकडे सगळ्यांची मापं आहेत ना?"

"आहेत, साहेब."

"मग असं कर. खोके गाडीत घाल आणि दुपारी जरा घरोघर फिरून ये. मागच्या दाराने. कुणाला कळायचं कारण नाही. तुझ्या शब्दाला मान आहे तुमच्या लोकांत. लहान पोरांनी ईस्टरला फाटके जोडे घालायचे, बरं दिसतं का?"

अल्फियस नाही म्हणाला नाही. साहेबाला नाही म्हणायची सवय त्याच्या जिभेला कधी लागलीच नव्हती. शिवाय त्याच्या मनात आलं, पोरांना खरंच जोडे मिळतील. आणि त्याहून खरी गोष्ट अशी, की या निमित्ताने कुणीतरी दार उघडेल, ये म्हणेल, असं त्याला वाटलं.

पहिलं घर त्याने ओडेसा टार्व्हरचं धरलं. ओडेसा सत्तरीची, दुसऱ्यांचे कपडे धुऊन-इस्त्री करून जगलेली. आमच्या चर्चमधली सगळ्यांची थोरली बहीण. लुवेनियाची जिवाभावाची. ती स्वयंपाकघरात इस्त्री करत होती. खोका पाहून तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"तो बाहेर ठेव आणि तू आत ये. कॉफी घेशील?"

"ताई, सात नंबरचाच आहे, काळा, बंदाचा. तुला आवडतो तसा. मी कुणाला सांगणार नाही."

"बस आधी."

तो बसला. तिने कॉफी ओतली, समोरच्या खुर्चीत बसली आणि पायातली सपात काढली. मग मोजाही काढला. अल्फियसने सव्वीस वर्षं तो पाय कागदावर पाहिला होता, असा कधी पाहिला नव्हता. बोटं एकमेकांवर चढली होती. करंगळी तर जवळजवळ खालीच गेली होती.

"हे कधीपासून?"

"मोज की. तू सात नंबर द्यायला लागलास तेव्हापासून."

"मग मला सांगायचं होतंस!" त्याचा आवाज चढला. "मी आठ दिला असता, रुंद दिला असता..."

"काय सांगायचं, बाबा? ते परत घेत नव्हते. आणि तू खोका देताना कसला खुलायचास! 'ताई, हा जोडा तुझ्यासाठीच शिवलाय बघ.' तुझं तोंड बघून मी म्हणायची, हो रे, झक्कास आहे. मग घरी येऊन आत ओला कागद कोंबून ठेवायचा दोन दिवस. तेवढ्यानेही नाही भागलं तर पात्याने टोक कापायचं."

"आणि बाकीचे?"

"कुणाला बसायचे, कुणाला चावायचे. तू अगदी मन लावून करायचास, त्यात वाद नाही. पण कागदाला उंची असते का? पायाचा वरचा भाग कुठे येतो त्यात? दुखतं कुठे, ते येतं का?" तिने मोजा परत चढवला. "तुझ्यावर राग नव्हता रे कुणाचा. म्हणून तर कुणी बोललं नाही."

अल्फियस कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. मग ओडेसाने खिडकीबाहेर बघत म्हटलं, "आता बोललेच आहे तर सगळंच बोलते. लुवेनियाला शेवटची आंघोळ मी घातली."

त्याने मान वर केली.

"तिचे पाय माझ्याहून वाईट होते. दोन्ही अंगठे आत वळलेले. आजारात मी तेल लावायला बसायची तेव्हाच पाहिले होते, पण तिने मला शपथ घातली. म्हणाली, त्याला कळू देऊ नकोस, ओडेसा. तो दिवसभर साहेबांचं ऐकतो, घरी येऊन मला सांगतो की पाय माझ्याइतके कुणाला कळत नाहीत. तेवढं एकच त्याचं आहे. ते राहू दे त्याला."

कॉफी तशीच राहिली. अल्फियस उठला, खोका उचलला आणि गाडीकडे गेला. पुढच्या कुठल्याच घरी तो थांबला नाही. सगळे खोके त्याने दुकानात नेऊन जिथल्या तिथे लावले आणि साहेबांना सांगितलं, "कुणाला नको आहेत."

घरी आल्यावर त्याने कागदांचा गठ्ठा काढून लुवेनियाचा कागद शोधला. अल्फियस दुकानात लागला त्या वर्षी तो काढलेला होता. पेन्सिल त्याने स्वतः धरली होती, तिला गुदगुल्या झाल्या होत्या आणि टाचेपाशी रेघ हलली होती. बाकी सगळ्या गावाला तो दर वर्षी बजावायचा, की नवा कागद काढा, पाय वयाबरोबर पसरतो. घरी मात्र ती होती त्या बावीस वर्षांत त्याने दुसरा कागद काढला नाही. दर ईस्टरला तोच नंबर आणला आणि दर ईस्टरला ती दोन पावलं चालून दाखवत म्हणाली, "वा!" तो खूप रडला. एकटा माणूस रडतो तसा, आवाज दाबायची गरज नसलेला. आपल्यावर इतकी माया होती आणि त्या मायेनेच सगळ्यांची बोटं मोडली, हे त्याला कुणापाशी बोलताही येईना.

शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, भर दुपारी दुकान गच्च भरलं होतं. गोरी पोरं, त्यांच्या आया, टोप्या, खोक्यांचे ढीग. अल्फियस सकाळी कामावर आलाच नव्हता. बारानंतर तो आला तो पुढच्या दाराने. अंगात लग्नकार्याचा कोट होता. व्हर्डेलच्या माणसांना त्याने काही कळवलं नव्हतं. ती सगळी चर्चच्या तळघरात सोमवारच्या मोर्च्याच्या पाट्या रंगवत होती, आणि त्यांच्यात जाऊन बसावं इतकं तोंड आपल्याला आहे असं त्याला वाटत नव्हतं.

खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी होती. तो तिच्यावर बसला आणि डाव्या पायाची नाडी सोडायला लागला.

आधी लोकांना वाटलं, काहीतरी दुरुस्तीला आला असेल. मग शेजारच्या बाईने आपल्या मुलीला जवळ ओढलं. दुकानातले विक्रेते क्रेनशॉ हातात जोडा घेऊन तसेच उभे राहिले. वीस वर्षं त्यांनी मागे वळून "नऊ नंबर, तपकिरी!" असं ओरडायचं आणि अल्फियसने आणून द्यायचं, एवढीच दोघांची ओळख.

"अल्फियस, काय चालवलंयस हे?" डनवेसाहेब हळू आवाजात म्हणाले. "मागे ये. आपण मागे बोलू."

"मागे सव्वीस वर्षं बोललो, साहेब. मला जोडा घ्यायचाय. माप घ्या."

"तुला तुझा नंबर माहीत नाही?"

"नाही," अल्फियस म्हणाला. "कुणाचाच माहीत नाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते क्रेनशॉकडे वळले, क्रेनशॉ टेलिफोनकडे गेले. अल्फियसने जवळची, पाय ठेवून माप घ्यायची आकडे कोरलेली लोखंडी पट्टी स्वतःच पुढे ओढली. तो उभा राहिला, टाच मागच्या खोबणीत नीट बसवली आणि सगळं वजन पायावर दिलं. माप असंच घ्यायचं असतं, उभं राहून. आणि अडचण तिथेच असते. उभ्या माणसाला आकडा दिसत नाही. तो वाचायला दुसऱ्या कुणालातरी खाली बसावं लागतं. वाकून बघायला जावं तर वजन सरकतं आणि माप चुकतं.

तो वाकला नाही. समोर बघत उभा राहिला. "एवढा आकडा वाचता का कुणी?" त्याने विचारलं. आवाजात भांडण नव्हतं.

दुकानात वीसेक माणसं होती. कुणी वाचला नाही. एका लहान मुलीने खाली वाकायला सुरुवात केली तर आईने तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं. हळूहळू बाकीचेही पिशव्या उचलून निघाले. अल्फियस एका पायात जोडा आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत पट्टीवर उभा होता. खुर्चीची पाठ हाताशी होती, तरी त्याने तिला हात लावला नाही. पोलीस येईपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली असतील.

आलेला शिपाई तिशीतला होता. "चल, म्हाताऱ्या. जोडा घाल आणि बाहेर हो."

"आकडा वाचल्याशिवाय पाय काढता येत नाही, साहेब. पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागतं."

शिपायाची नजर खाली गेली. माणसाची जातेच. क्षणभर ती पट्टीवर थांबली, ओठ किंचित हलले आणि त्याने मान वर केली. अल्फियसने ते बरोबर पाहिलं.

"किती?" त्याने विचारलं.

शिपायाने अल्फियसचा दंड धरला. साहेब म्हणाले, "बोळातून न्या, बोळातून," पण अल्फियस तोवर पुढच्या दाराकडे चालायला लागला होता. एक जोडा खुर्चीखालीच राहिला.

फुटपाथ उन्हाने तापला होता. शिपायाने गाडीचं मागचं दार उघडलं, त्याचं डोकं दाबून त्याला आत बसवलं आणि दार लावायला हात घातला. अल्फियसने मोज्यातला पाय आत घेता घेता पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"किती होता, साहेब?"