उघडी राहिलेली वाळू

ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावी आया आणि पोरं जमायची त्या हॉलमागे पोरांचा वाळूचा खड्डा होता. त्याचा नियम साधा: जी आई शेवटी निघेल तिनं वाळू तळापासून उकरून सारखी करायची, वर जाळी ओढायची आणि कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या. नाहीतर गल्लीतली मांजरं तिथंच आपला कारभार उरकतात.

मंगळवारी सकाळी जाळी एका बाजूला लोळत पडली होती. पोरांचा हा मेळा वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या ग्लेनिसनं दाताळं फिरवलं आणि नाक मुरडलं.

"काल शेवटी कोण होतं गं?"

"लोसालिन," केरिन म्हणाली.

तसं ते खोटं नव्हतं. दुपारी शेवटी लोसालिनच होती. पण संध्याकाळी तिच्या अँगसनं तिथं विसरलेल्या खेळण्यातल्या ट्रकसाठी आकांत मांडला, म्हणून केरिन त्याला घेऊन परत आली होती. तिनं जाळी उचलली. पोरगं रडं विसरून खेळत बसलं. तान्ही लेक तिच्या खांद्यावर झोपली, आणि तिला जागी होऊ न देता निघायच्या नादात जाळी तशीच राहिली. लोसालिनचं नाव तोंडातून निघताना केरिनला हे सगळं लख्ख आठवलं. तरी तिनं ते परत घेतलं नाही.

"मी लावली होती... असं वाटतं," लोसालिन चाचरली. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरून येऊन तिला वर्ष होत होतं. नवरा द्राक्षमळ्यात कामाला होता.

"बाई गं, तुला वाटून काय उपयोग? मांजरांना वाटायला हवं!" ग्लेनिस म्हणाली. सगळ्या हसल्या. केरिनही हसली.

सगळी वाळू फेकून नवी भरायची ठरलं. शनिवारी, सगळ्यांनी फावडी घेऊन यायचं.

"आणि धुतलेलीच वाळू हवी," ग्लेनिसनं बजावलं. "मागे आमच्या ट्रेव्हरनं बांधकामाची पिवळी आणली, तर महिनाभर पोरांची ढुंगणं पिवळी होती."

शनिवारी केरिन पोचली तेव्हा अर्धा खड्डा उपसून झाला होता. लोसालिनचा नवरा फेलेती, त्याचे भाऊ, चुलतभाऊ घामानं निथळत होते. टेबलावर भाजलेलं डुक्कर आणि अळूचे कंद झाकून ठेवले होते, सगळ्यांसाठी. झाडाखाली चटईवर लोसालिनची सासू कालोलाइने मान खाली घालून बसली होती.

"अरे, एवढं कशाला?" ग्लेनिस ओशाळली. "मांजरांनी केलंय हे. त्यांनी तर काहीच आणलं नाही."

फेलेती हसला नाही. "आमच्या घरातल्या माणसाकडून चूक झाली," तो म्हणाला, "म्हणजे आमच्या सगळ्यांकडूनच झाली."

केरिननं फावडं घेतलं आणि वेड्यासारखी उपसू लागली. ती थकलेली दिसली की कुणीतरी भाऊ हसून तिच्या हातातलं ओझं घ्यायचा. तिला ते सहन होईना. शेवटी ढकलगाडीपाशी तिनं लोसालिनला गाठलं.

"लोसा, जाळी मी उघडी टाकली. संध्याकाळी परत आले होते."

लोसालिननं गाडी खाली टेकवली. "मंगळवारी माहीत होतं तुला?"

"हो."

"रोज अंथरुणात पडून मी आठवत राहिले. शेवटची वीट ठेवली होती की नाही." आवाज चढला असता तर केरिनला बरं वाटलं असतं. "मला नको सांगू. सासूबाईंना सांग. लोकांच्या लेकरांची जागा घाण केली म्हणून त्यांनी कुणाशी नजर मिळवलेली नाही."

"त्यांना माझं बोलणं कळणार कसं?"

"मी आहे ना."

त्यांच्यात वडीलधारं माणूस बसलेलं असताना समोर उभं राहून बोलत नाहीत, एवढं केरिनला माहीत होतं. ती गवतावर गुडघे टेकून बसली. फावडी थांबली होती. ग्लेनिसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "चूक माझी होती. मला ठाऊक होतं, आणि मी हिचं नाव घेतलं."

लोसालिननं ते सासूला टोंगन भाषेत सांगितलं. केरिनची दोन वाक्यं, पण तिकडे बराच वेळ लागला. स्वतःच्या निर्दोषपणाची ग्वाही लोसालिनला स्वतःच द्यावी लागत होती.

म्हातारीनं मान वर केली. केरिनकडे तिनं पाहिलंच नाही. सुनेचा हात ओढून तिला चटईवर बसवलं, तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि हळू आवाजात काहीतरी पुटपुटत राहिली.

केरिन समोर तशीच बसून होती. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही, आणि तिलाही उठवेना.