पेन्सिलीतला शनिवार

सोमवारी सकाळी आमची लिनेट माझ्या दारात उभी राहिली, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन. मला मिठी मारली तीसुद्धा फोन वर धरूनच.

"बर्निस, तुझ्याकडे रेंज येते ना गं?" कित्येक महिन्यांनी भेटलेल्या बहिणीला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"येते. चहासुद्धा मिळतो. आत ये."

येत्या शनिवारी तिच्या एकुलत्या एक लेकीचं, टॅम्सिनचं लग्न होतं. इथेच, आमच्या समुद्रकाठच्या मोरकम गावात, आमच्या आईवडिलांचं झालं त्याच चर्चमध्ये. टॅम्सिनचा बाप कॅमेरामन होता, तो मूल रांगायच्या आतच ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिकडचाच झाला. त्यामुळे नवरीचा हात धरून तिला दारापासून वेदीपर्यंत न्यायचं काम आईकडे आलं होतं. आणि आई येऊन माझ्या स्वयंपाकघरात फोन खिडकीशी धरून फिरत होती.

लिनेट ऑगडेन म्हटलं की आजही लोकांना पांढरी टोपी घातलेली नर्स आठवते. रविवारी संध्याकाळी लागायची ती मालिका. अख्खा देश जेवणं आटपून बसायचा. तेव्हा ती इतकी सुंदर होती की बघून माझा जळफळाट व्हायचा, आणि इतकं चांगलं काम करायची की रागही धरता यायचा नाही. समुद्राच्या धक्क्यावरच्या नाट्यगृहात तिकिटं फाडणारी आमची पोर लंडनला गेली, शिकली, टीव्हीवर आली. बाबांच्या कोळंबीच्या दुकानात लोक सह्या मागायला यायचे. मग दोन सिनेमे झाले. एकात तिने कंबर आवळून घोड्यावरून रपेट मारली, दुसऱ्यात एका भुताने तिला पहिल्या पंधरा मिनिटांतच खाल्लं. त्यानंतर चाळिशी आली आणि फोन वाजायचा थांबला. वाजलाच तर खून झालेल्या मुलीच्या आईचं काम. इन्स्पेक्टर दार वाजवतो, ही दार उघडते, ऐकते, खाली कोसळते. दुसऱ्यांच्या किती मुलींसाठी ती टीव्हीवर रडली त्याची गणती नाही. रडायचीही काय सुंदर! नाक लाल न करता.

आणि तिची स्वतःची मुलगी माझ्याकडे वाढली. शूटिंग असलं की टॅम्सिन माझ्याकडे, आणि शूटिंग नसलं की लिनेट कामाच्या शोधात, म्हणून टॅम्सिन परत माझ्याकडेच. शाळेच्या नाटकात पोरगी मेंढी झाली, परी झाली, एकदा तर झाड झाली. दर वेळी पहिल्या रांगेत एक खुर्ची आईसाठी राखलेली असायची. नाटक सुरू झालं की मी त्या खुर्चीवर माझा कोट टाकायचे, रिकामी दिसू नये म्हणून.

आता आणखी एक सांगायला हवं, नाहीतर तो फोन काय होता ते कळायचं नाही. या नाटक-सिनेमावाल्यांची एक रीत आहे. त्यांना तुम्ही आवडलात पण मन ठरत नसलं, तर ते तुमच्या तारखा पेन्सिलीने लिहून ठेवतात. हो नाही, नाहीही नाही. तुम्ही ते दिवस रिकामे ठेवायचे, दुसरं काही घ्यायचं नाही आणि त्यांना फोन करून विचारायचंही नाही. ते मात्र हवं तेव्हा खोडून टाकू शकतात. आणि सुरुवातीलाच ते विचारतात, एखादा दिवस जमणार नाही असं आहे का? या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते सगळ्यांना पाठ असतं. नाही, सगळे दिवस मोकळे आहेत. कारण एक दिवस अडला म्हटलं तर ते दुसरीकडे वळतात.

लिनेटने हेच उत्तर दिलं होतं. लेकीच्या लग्नाची तारीख वर्षभर ठरलेली असताना.

"मोठं काम आहे गं," सोमवारी चहा घेताना ती म्हणाली. "अख्खी मालिका माझ्यावर आहे. दीपगृह सांभाळणारी बाई. सुरुवातीला नावं येतात ना, त्यात माझं पहिलं. पहिलं, बर्निस! आणि कुणाची आईबीई नाही."

"मग शनिवारचं काय?"

"शनिवारचं शूटिंग असेलच असं नाही."

"आणि असलं तर?"

तिने ओट्यावरचा दुसराच एक कप उचलला, विसळला, पुसला. धुतलेलाच होता. "तू टॅम्सिनला काही बोलू नकोस हं. झालं तर मी सांगेन. सांगायची एक पद्धत असते."

माझ्याही पोटात एक गोष्ट होती. बाबांचं दुकान आता मी चालवते; जानेवारीत टॅम्सिन तिथे आली होती. मी डब्यांत कोळंबी भरून वर वितळलेलं लोणी ओतत होते. ती म्हणाली, "मावशी, तू एक चांगला ड्रेस घेऊन ठेव. आई आली नाही तर तू मला घेऊन चाल." मी म्हटलं, "काहीतरीच काय! आईच आहे ती." तर म्हणे, "म्हणूनच म्हणतेय." म्हणजे तिकडे त्या लोकांनी लिनेटला पेन्सिलीत धरलेलं आणि इकडे पोटच्या पोरीनेही. निळा ड्रेस माझ्या कपाटात लटकत होता, आणि लिनेट रोज त्याच कपाटात आपला कोट टांगत होती.

मंगळवारी तिने माझ्या जिवाला नुसता घोर लावला. बसली की उठायची, उठली की गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात. ओहोटी लागली होती, म्हटलं चल, वाळूवर एक फेरी मारून येऊ. तर म्हणे, "नको, तिकडे आवाज तुटतो." जेवताना फोन ताटाशेजारी. संडासात फोन. मी शेवटी चिडलेच.

"बाई गं, तू लग्नाला आली आहेस की पहाऱ्याला?"

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "तुझी कोळंबी रोज येते. माझं काम आलं नाही तर मी कोण आहे गं? रस्त्यात एखादी म्हातारी थांबवून म्हणते, तुम्ही ती नर्स ना? मी ती नर्स आहे, बर्निस. बस्स."

ते ऐकून माझा राग निम्मा उतरला. खोटं बोलत नव्हती बिचारी.

बुधवारी चर्चमध्ये लग्नाची तालीम होती. पाद्रीबाई समोर उभ्या, नवरा मुलगा ओवेन खांबाला टेकून दात काढत होता, मी मागच्या बाकावर. लिनेटने टॅम्सिनचा हात आपल्या कोपरात घेतला आणि चालू लागली. खरं सांगते, अंगावर काटा आला. कसं चालायचं हे त्या बाईला कोण शिकवणार? मान ताठ, पाऊल लेकीच्या पावलाशी जुळवलेलं. टॅम्सिन पहिल्यांदा हसली, लहानपणी हसायची तसं.

निम्म्या वाटेत फोन थरथरला.

लिनेटने हात सोडला. एक शब्द न बोलता सोडला आणि टाचा वाजवत बाहेर पळाली. टॅम्सिन मधोमध उभी. कोपर तसंच वाकवलेलं, जणू कुणीतरी अजून धरलंय. पाद्रीबाई खोकल्या. ओवेनचं हसू विरलं.

"मावशी," टॅम्सिन मागे न वळता म्हणाली, "ये."

मी गेले. दुकानाच्या बुटांतच उरलेली वाट चालले.

फोन दाताच्या डॉक्टरचा होता. तपासणीला या म्हणून.

गुरुवारी दुपारी मात्र खरा आला. तिचा एजंट डिग्बी. भिंतीपलीकडूनही त्याचं 'डार्लिंग, डार्लिंग' ऐकू येत होतं. काम पक्कं झालं होतं. आणि सुरुवात शनिवारी पहाटे, स्कॉटलंडच्या एका बेटावर, भरतीची वेळ साधून.

लिनेट स्वयंपाकघरात आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. टॅम्सिन टेबलाशी पाहुण्यांच्या नावांची कार्डं लावत होती. लिनेट तिच्यासमोर बसली. मला माहीत होतं, सगळं तयार होतं तिचं. कुठे थांबायचं, कुठे आवाज दाटायचा, पोरगी ओरडली तर काय म्हणायचं. तिने सांगितलं.

टॅम्सिनने एक कार्ड सरळ केलं. "बरं. कधी निघतेस? गाडीत खायला काही करून देऊ?"

"टॅम्सिन, तू... चिडली नाहीस?"

"नाही गं. मावशीकडे ड्रेस आहे. जानेवारीपासून."

लिनेट माझ्याकडे बघत राहिली. मी सिंककडे बघत राहिले. तिच्याकडे भांडणाला उत्तर होतं, रडण्याला होतं, दार आपटण्यालाही होतं. गाडीत खायला विचारणाऱ्या लेकीची तालीम तिने केलीच नव्हती. ती तशीच उठली आणि कोट न घेता बाहेर गेली.

खिडकीतून मला दिसत होती. समुद्राच्या कठड्याशी येरझाऱ्या घालत, वाऱ्यात केस उडतायत, फोन कानाला. बराच वेळ बोलली.

आत आली ती धापा टाकत. "नाही म्हणून सांगितलं! डिग्बी म्हणाला, पुन्हा तुझं नाव कुणी घेणार नाही. म्हटलं, नाही घेतलं तर नाही! मी कुठेही जात नाहीये. शनिवारी मी आहे, टॅम्सिन. मी तुला घेऊन जाणार." आणि हात पसरले.

मी मनात म्हटलं, जा गं पोरी, जा तिच्या गळ्यात. तिने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सोडलंय.

टॅम्सिन उठली. आईच्या गळ्यात पडलीसुद्धा, खरंच पडली. पण डोकं तिच्या खांद्यावर ठेवून जे म्हणाली ते मला ऐकू आलं. "आई, तू थांबलीस, मला खूप आनंद झाला. पण मावशीबरोबरच जाईन मी."

"का? मी सोडलंय ना सगळं!"

"तू चांगली आहेस गं. पण शनिवारी सकाळी मला दाराकडे बघत बसायचं नाहीये. लहानपणापासून तेच केलंय. मावशी येणार म्हटलं की मी दाराकडे बघत नाही, एवढंच. तू पहिल्या रांगेत बस."

"लिनेट," मी मध्ये पडले, "मी काही हट्ट धरलेला नाही हं. ड्रेस परत करता येतो."

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.

शनिवारी वारा सुटला होता, सगळ्यांच्या टोप्या उडत होत्या. मी निळ्या ड्रेसमध्ये, घामाघूम. ऑर्गन सुरू झाला आणि सगळी माणसं उठून मागे वळली. लिनेटही वळली. फोन नव्हता हातात. काय करावं ते तिला सुचत नव्हतं, हात कधी बाकावर, कधी गळ्याशी. ती रडत होती. हे रडणं मी कधी पाहिलं नव्हतं. नाक वाहत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं, पुसायचंही भान नव्हतं. माझ्या बहिणीची मला इतकी दया आली की पाय अडखळले. टॅम्सिनने माझं कोपर घट्ट धरलं.

वेदीशी पोचलो. पाद्रीबाईंनी विचारलं, "या मुलीला लग्नासाठी कोण घेऊन आलंय?"

शेजारच्या बाकात लिनेटचे ओठ उघडले. मला दिसले. एका शब्दाचं तर उत्तर होतं, आणि क्षणभर मी तिच्यासाठी थांबलेसुद्धा असते, पण टॅम्सिनने माझं कोपर सोडलं नव्हतं.

"मी," मी म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.