न जुळणाऱ्यांचं पान

ताईंनी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार खाल्ला, असं त्या स्वतःच म्हणायच्या. लग्न केलं नाही, त्यामुळे आडनाव जन्मापासून एकच. निवृत्तीनंतर चुका काढायच्या सवयीचं काय करायचं, हा प्रश्न त्या आडनावानेच सोडवला.

आडनाव दुर्मीळ होतं. कुठे कानावर पडलं की तो माणूस नात्यातलाच, असं घरात सगळे धरून चालायचे. ताईंनी टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या आणि शाळांची हजेरीपुस्तकं चाळून त्या आडनावाची एकेचाळीस घरं शोधली, सगळ्यांना पत्रं लिहिली आणि एक मंडळ उभं केलं. वर्षातून एकदा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मंडळी जमायची. अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टर होते. चिटणीस ताई, म्हणजे काम सगळं ताईंचं. दोनशे वर्षांपूर्वी होड्या बांधणारा एक कारागीर समुद्राकाठून इकडे आला आणि आपण सगळे त्याचे वंशज, ही गोष्ट दर मेळाव्यात कुणीतरी सांगायचंच, आणि दर वेळी त्या कारागिराची उंची थोडी वाढायची.

डीएनए तपासणीची कल्पना डॉक्टरांची. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, आणि वाय नावाचं गुणसूत्रही तसंच जातं. त्यावरच्या सदतीस खुणा तपासायच्या. दोन पुरुषांच्या खुणा जुळल्या, तर त्यांच्या बापांची रांग मागे कुठेतरी एकाच माणसापाशी पोचते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, पाकिटात घालायची आणि प्रयोगशाळेला पाठवायची.

"म्हणजे राबायचं मी, आणि गाल पुरुषांचे," ताई म्हणाल्या. बायकांना ते गुणसूत्रच नसतं.

बावीस जणांनी नमुने दिले. एकवीस जुळले. मेळाव्यात टाळ्या पडल्या आणि होड्या बांधणारा खरा ठरला. जुळला नाही तो एकच, एक बेकरीवाला. पन्नाशीचा, अबोल माणूस. दर मेळाव्याला सगळ्यांसाठी मोठ्या टोपल्यात पाव घेऊन यायचा.

ताईंनी त्याला पत्र लिहिलं. पत्रात काना-मात्रेचीही चूक नव्हती. 'आपल्या पितृवंशात खंड पडलेला दिसतो. मंडळाच्या नियमानुसार आपली नोंद वंशवृक्षातून काढून वेगळ्या पानावर घेतली आहे.' त्या पानाचं शीर्षक होतं 'न जुळणारे', आणि त्यावर एकच नाव होतं. बेकरीवाल्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या मेळाव्याला तोही आला नाही.

"राग आला असावा," डॉक्टर म्हणाले.

"खरं बोललं की राग येतोच," ताई म्हणाल्या आणि हातातलं काम पुढे चालू ठेवलं.

ताईंच्या स्वतःच्या शाखेचा नमुना मात्र राहिला होता. शाखेत पुरुष एकच उरला होता, त्यांचा धाकटा भाऊ. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकान पणजोबांपासून चालत आलेलं. काचेच्या पेट्यांत सोनारांचे नाजूक तराजू, भिंतीला टेकून धान्याच्या गोदामांचे अवजड काटे. ताई पाकीट घेऊन गेल्या की तो हात तेलकट असल्याचं सांगायचा.

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात," एकदा तो म्हणाला.

"तू कुठला ऋषी?"

"मग माझं शोधून कुणाला काय मिळणार?"

शेवटी बहिणीच्या हट्टापुढे त्याने तोंड उघडलं. काडी फिरवून झाल्यावर म्हणाला, "दाताच्या डॉक्टरकडे याहून कमी वेळ लागतो."

दीड महिन्याने निकाल आला. मंगळवारची सकाळ होती. ताईंनी चहाचा कप बाजूला ठेवून ईमेल उघडली. होड्या बांधणाऱ्याच्या वंशाशी ताडून पाहता, सदतीसपैकी एकोणीस खुणा वेगळ्या होत्या.

नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, असं म्हणून ताईंनी दुसरा नमुना पाठवला. निकाल तोच आला. फक्त या वेळी त्यांनी खालचा मजकूरही वाचला. दुसऱ्या एका देशातल्या, वेगळ्याच आडनावाच्या एका लिफ्ट मेकॅनिकशी भावाच्या सदतीसपैकी छत्तीस खुणा जुळत होत्या.

त्यांनी त्याला लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं, मोकळं आणि लांबलचक. 'माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ तराजू दुरुस्त करायचा. कामाच्या शोधात निघाला आणि तिकडेच एका काट्यांच्या दुकानाच्या विधवा मालकिणीशी लग्न केलं. दुकानावर तिच्या पहिल्या नवऱ्याच्या आडनावाची पाटी होती. गिऱ्हाइकं याला त्याच नावाने हाक मारू लागली आणि यानेही ओ दिली. घरच्यांना ते रुचलं नाही, पत्रं थांबली. आमच्याकडे अजून म्हणतात, त्याने बायको केली ती पाटीसकट.'

ताई नोंदणी कचेरीत गेल्या. ताईंच्या पणजोबांच्या लग्नाच्या नोंदीत आडनाव मेकॅनिकचं होतं. दोन वर्षांनी मुलाच्या जन्माच्या नोंदीत दुकानाचं. एकेचाळीस घरांची कागदपत्रं गोळा करणाऱ्या ताईंनी स्वतःच्या पणजोबांच्या लग्नाची नोंद कधी काढली नव्हती. घरचंच तर आहे, त्यात काय बघायचं, असं वाटलं होतं.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो एका काट्याची सुई सरळ करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हातातली कला त्याची आणि दुकान तिचं," तो म्हणाला. "दोन्ही आपल्याकडे आलंय की."

"आणि आडनाव तिच्या पहिल्या नवऱ्याचं. त्या माणसाचा आपल्याशी काडीचा संबंध नाही."

"नसू दे. सव्वाशे वर्षं वापरतोय. आता परत करायचं म्हटलं तर घेणार कोण?"

ताईंना हसू आलं नाही. घरी येऊन त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या. नियम म्हणजे नियम. त्यांनी आपली शाखा वंशवृक्षातून काढली आणि 'न जुळणारे' या पानावर बेकरीवाल्याच्या नावाखाली लिहिली. मग भावाच्या नावाने पत्र तयार करायला बेकरीवाल्याचं जुनं पत्र उघडलं, फक्त नाव बदलायचं होतं. पण पत्र वाचता वाचता त्या थांबल्या. 'पितृवंशात खंड.' कुठल्या पिढीत, कशामुळे, याबद्दल एक अक्षर नव्हतं. दत्तक, दुसरं लग्न, पाटीवरून घेतलेलं नाव, कशाचाही उल्लेख नव्हता. वाचणाऱ्याने काय समजायचं ते त्याच्यावर सोडलेलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, तसं झालं. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि चपला घातल्या.

दुपारची वेळ होती. बेकरीतल्या भट्ट्या निवल्या होत्या आणि बेकरीवाला पत्र्याचे ट्रे खरवडत होता. ताईंना पाहून त्याने मान हलवली, पण हात थांबवला नाही.

"माझी शाखाही जुळली नाही," ताई म्हणाल्या. "तुमच्याखाली माझं नाव लिहून आले."

त्याने ट्रे खाली ठेवला. "मग वाईट वाटलं?"

"हो."

"मला फारसं नव्हतं वाटलं," तो म्हणाला. "पण ते पत्र आईने उघडलं. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती. तिने वाचलं, की तिच्या मुलाचा बाप कोण याबद्दल शंका आहे, असं आख्ख्या मंडळाला कळवलंय."

बसायला स्टूल होतं, पण ताई उभ्याच राहिल्या. "मी तसं लिहिलं नव्हतं."

"माहितीये. तसं नाही, असंही लिहिलं नव्हतं."

आई मागच्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर विणकाम होतं. बेकरीवाल्याने ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी ताईंना आपादमस्तक न्याहाळलं.

"पत्रवाल्या बाई ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "याचे कान बघा. याच्या बापाचे कान असेच होते, कपाच्या कानासारखे. ते तुमच्या काडीवर येत नाहीत का?"

"नाही येत," ताई म्हणाल्या. "काडीवर फक्त एक लांब दोरी येते. ती कुठे तुटली ते काडी सांगत नाही. आमची पणजोबांपाशी तुटली. तुमची त्याहूनही मागे तुटलेली असू शकेल. हे मी पत्रात लिहायला हवं होतं. माझी चूक झाली. माफ करा."

आईंनी विणकामाचे टाके मोजले आणि परत सुरुवातीपासून मोजले. मग म्हणाल्या, "माफीने तो कागद कोरा होतो का?"

"नाही होत. पण दुसरा कागद मिळू शकेल." आणि ताईंनी समजावून सांगितलं. बेकरीवाल्याच्या काकांच्या मुलाने नमुना दिला आणि या दोघा चुलतभावांच्या खुणा जुळल्या, तर दोघांचे बाप एकाच आजोबांचे, आणि दोरी तुटली ती आजोबांच्याही मागे कधीतरी. आईंचा त्यात प्रश्नच येत नाही.

"आणि नाही जुळल्या तर?" बेकरीवाल्याने विचारलं.

"घ्या त्याचा नमुना," आई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "मला काय भीती आहे?"

चुलतभाऊ ट्रक चालवायचा. तो शहरात परतायला दोन आठवडे गेले. ताई स्वतः काडी घेऊन त्याच्याकडे गेल्या आणि पाकीट स्वतः टपालात टाकलं. निकाल यायच्या आत मेळावा आला.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "तुमचं नाव आहे तिथे राहू द्या. इतकं काम केलंत. कोण बघायला जातंय?"

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं होईल ते," ताई म्हणाल्या.

हॉलमध्ये त्यांनी आपल्या शाखेचा निकाल वाचून दाखवला, पणजोबांच्या लग्नासकट. मग बेकरीवाल्याला लिहिलेलं पत्रही वाचलं आणि ते चुकीचं होतं असं सांगितलं. 'न जुळणारे' हे पान काढून टाकावं, हे आडनाव ज्याने किंवा जिने जिथून घेतलं तिथून त्याची शाखा सुरू करावी, असं त्यांनी सुचवलं. तासभर वाद झाला. मागच्या रांगेतला एक विमा एजंट म्हणाला, "असं केलं तर उद्या कुणीही येऊन म्हणेल, मी तुमचाच."

"येऊ दे की," ताईंचा भाऊ म्हणाला. "खुर्च्या कमी पडल्या तर मी उभा राहीन."

हात वर झाले. सव्वीस बाजूने, अकरा विरुद्ध. विमा एजंटच्या घरातले पाचही जण मंडळ सोडून गेले, आणि ते पुढे परतलेही नाहीत. ताईंना त्याचं वाईट वाटलं. त्याच्याकडची जुनी कागदपत्रं सगळ्यात नीट ठेवलेली होती.

तीन आठवड्यांनी चुलतभावाचा निकाल आला. सदतीसच्या सदतीस खुणा बेकरीवाल्याशी जुळल्या. ताईंनी दोन परिच्छेदांचं नवं पत्र लिहिलं, भावाला मोठ्याने वाचायला लावलं, दोन वाक्यं सोपी केली आणि ते घेऊन बेकरीत गेल्या.

"वाचा तुम्हीच," आई म्हणाल्या. "चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे."

ताईंनी वाचलं. बेकरीवाला पिठाचे हात पुसत दारात उभा होता. ऐकून झाल्यावर तो आत भट्टीकडे गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"मला माहीतच होतं," आई म्हणाल्या. "पण त्याला आता माझ्याकडे बघून शंका यायला नको." त्यांनी पत्राची घडी घालून ती विणकामाच्या पिशवीत ठेवली. मग ताईंनी आणलेला नवा वंशवृक्ष टेबलावर पसरला आणि बोटाने मुलाचं नाव शोधलं, नवऱ्याचं शोधलं.

"मी कुठाय?"

ताईंनी दाखवलं. नवऱ्याच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पत्नी.'

"एवढंच? माझ्या वडिलांचं काही आडनाव होतं की नाही?"

ताईंनी साऱ्या कागदावरून नजर फिरवली. एकेचाळीस घरं, दोनशे वर्षं, आणि सगळीकडे पत्नी, पत्नी, पत्नी. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली.

"सांगा," त्या म्हणाल्या.

आईंनी आडनाव सांगितलं. ताईंनी लिहिलं.

"माझ्या आईचंही लिहा," आई म्हणाल्या, आणि कपाळाला आठ्या घालून खिडकीबाहेर बघू लागल्या. "थांबा जरा. आठवतंय."