मुनीबशाहांचा कशकोल

ड्रिल बुडातून आरपार गेलं आणि कशकोल उभा चिरला. मजीदनं कपाळावर हात मारून घेतला. नेमका शेवटचाच मेला!

फकिरांचे भीक मागायचे लाकडी कटोरे कोरणं हा त्याचा पिढीजात धंदा. हल्ली हात पसरणारे ढिगानं झाले, पण कशकोल घेणारा फकीर काही दुकानाची पायरी चढेना. म्हणून हॉटेलवाल्यांची ऑर्डर आली तेव्हा त्यानं नाक मुरडलं नाही. बुडाला भोक पाडायचं, वायर ओवायची आणि कटोरा उलटा टांगायचा. झाला दिवा!

हॉटेलचा राजेंद्र माल न्यायला येऊन उभाच होता. "चाचा, एक जरी कमी पडला तर शेठ पैसे सोडायचे नाय. सगळा माल एकदम पायजे त्यांना."

"नवा कोरायला टाइम लागतो, भाऊ. बायको दवाखान्यात हाय. तिचं इंजेक्शन आजच आणायचंय."

"मला कळतं हो, पण माझ्या हातात काय हाय? तो फळीवरचा कुणाचा?"

तो मुनीबशाहांचा होता. फर्दापूरकडून हिंडत येणारे म्हातारे फकीर; काठाची चीर भरायला ठेवून गेले होते. तरुणपणी गुरूनं स्वतःच्या हातानं दिलेला कशकोल. मजीदला हे सगळं ठाऊक होतं. पण ऑक्सिजनच्या नळीखालचा बायकोचा, सगीराचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. त्यानं तोबा तोबा म्हणत ड्रिल लावलं. हा मात्र चिरला नाही.

जुम्म्याला मुनीबशाह आले. "मजीद, मेरा कशकोल?"

मजीदनं त्यांचे पाय धरले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. परत मागायला गेलो होतो, शेठनं हाकलून दिलं, हेही सांगितलं.

म्हातारे तिथंच पायरीवर टेकले. मग म्हणाले, "भाभी?"

"बच गई, बाबा. कल घर आई."

"तो फिर नक्को रो."

एवढंच बोलून ते उठले. शेजारच्या दारात त्यांची हाक ऐकू आली. सारजाबाई पातेलं घेऊन बाहेर आली.

"या बाबा, वरणभात हाय. पर कटोरा कुठंय तुमचा? घालू कशात?"

मजीद घरातली थाळी घेऊन धावला. मुनीबशाहांनी मानेनंच नको म्हटलं आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

"अवं, लई गरम हाय!" सारजाबाई मागं सरली.

"निवू दे, माय," ते म्हणाले आणि ओंजळ तशीच धरून दारात उभे राहिले.