मोलीदचा की शम्मायचा

शम्मायने मेंढा गुडघ्याखाली दाबला आणि कात्री इतक्या रागाने चालवली, की लोकरीबरोबर कातडीही खरचटली. मेंढा कळवळून ओरडला.

"त्या मुक्या जिवावर कशाला राग काढताय?" अबीतल म्हणाली. तिच्या कडेवर दोन वर्षांचा यरीब होता.

"मग कोणावर काढू? मेलेल्यावर?"

मेलेला म्हणजे त्याचा थोरला भाऊ, मोलीद. तो मूलबाळ न होता गेला, म्हणून कुळाच्या रीतीप्रमाणे शम्मायने त्याच्या विधवेशी, या अबीतलशी, लग्न केलं. पहिला मुलगा मोलीदचा म्हणून मोजायचा, हीही रीतच. यरीब झाला आणि अबीतल त्याला घेऊन सासूपाशी निजायला लागली, ती अजून तिथेच. जणू मोलीदचं काम झालं, आता शम्माय कोण कुठला! जिवंत भावाशी निदान भांडता येतं. मेलेला ना म्हातारा होतो, ना चुकतो. शम्माय आतल्या आत जळत होता.

आज लोकर कातरणीची मेजवानी. जेवणं झाली की हागाब आजोबा वेशीत बसून कुळाची नावं म्हणणार आणि दूध सुटलेल्या मुलाचं नाव घरच्या पुरुषाने उभं राहून सांगायचं.

"मी माझंच नाव लावणार. पोरगं माझं आहे. नाक बघ त्याचं!"

"लावा की. मी कुठे तोंड धरलंय?"

एवढंच. 'लावाच' म्हणाली असती, तर त्याने तिच्यासाठी अख्खा कळप कापला असता.

दुपार कलताना सारं कुळ वेशीत जमलं. आजोबा डोळे मिटून एकेक पिढी उतरत आले. ज्याला मुलगा नाही, त्याच्या नावापुढे ते 'निपुत्रिक' म्हणायचे. असा माणूस मेलेला असला, तर पुढच्या वर्षापासून ते नाव कोणी घ्यायचं नाही.

"अखानचे मुलगे दोन. मोलीद आणि शम्माय. मोलीद..." आजोबा थांबले.

शम्माय उठला. समोर आई बसली होती. तिने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

मेल्या, इथेही तूच जिंकलास, तो मनात म्हणाला.

"मोलीदचा मुलगा यरीब."

सगळ्यांनी मागोमाग म्हटलं. आई हुंदके देऊन रडू लागली. शम्माय खाली बसला आणि उगाच भाकरीचे तुकडे करत राहिला.

"शम्माय," आजोबा पुढे म्हणू लागले, "निपु..."

"थांबा हो आजोबा!" बायकांमधून अबीतलचा आवाज आला. "यांच्या नावापुढे ते म्हणायची एवढी काय घाई झालीय?"

बायकांत खसखस पिकली. आजोबांनी एक डोळा उघडला.

"का गं? काही आहे का?"

"अजून नाही," अबीतल म्हणाली आणि तिने यरीबला सासूच्या मांडीवर ठेवलं. "सासूबाई, आजपासून हा एकटाच तुमच्यापाशी निजेल."