मैदानाचा खुंटा

चेयेन जमातीच्या त्या योद्ध्याने आपल्या गळ्यातल्या लांब पट्ट्याचं टोक खुंट्याने जमिनीत ठोकलं, तेव्हापासून मैदान पुढे सरकेना. त्याच्यावर चालून आलेली अमेरिकन घोडदळाची तुकडी सकाळपासून भरधाव दौडत होती, घोडे फेसाळले होते, पण डावीकडचं ते एकच खुरटं झाड काही मागे पडत नव्हतं. झाडलेल्या गोळ्याही वाटेतच अडकल्या होत्या. योद्ध्यापासून पंधरा पावलांवर त्या हवेत ओळीने थांबल्या होत्या आणि उन्हात चमकत होत्या.

कॅप्टन व्हिटलॉक हार मानणाऱ्यांतला नव्हता. समोरचं दिसत असूनही न बघण्याची कला त्याला चांगली साधली होती. "अजून एक दौड," तो दर तासाला म्हणायचा.

योद्ध्याच्या मागे नदी होती. चेयेन बायका पोरांना पाठीवर घेऊन, तंबूंची कातडी डोक्यावर धरून पाणी ओलांडत होत्या. निम्म्या अजून अलीकडेच होत्या.

तुकडीचा नालबंद फर्गस टली मात्र त्या खुंट्याकडे बघत होता. बारा वर्षं त्याने घोड्यांना नाल ठोकले, पण एकालाही कधी चाबूक लावला नव्हता. उन्हात बांधून ठेवलेलं जनावर दिसलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा.

"बघ ना," तो जोनास प्रॅटला म्हणाला. जोनास तुकडीची खोगिरं शिवायचा आणि टलीच्याच तंबूत राहायचा. "स्वतःच्याच माणसांनी बांधून ठेवलंय बिचाऱ्याला, आणि चालले सगळे."

"मग जा, सोडव," जोनास म्हणाला.

टलीने बंदूक जोनासकडे दिली, हातोडा घेतला आणि पायी निघाला. हातात बंदूक नसल्यामुळे अंतर सरू लागलं. गोळ्यांच्या खालून तो वाकून गेला.

योद्धा त्याच्याच वयाचा होता, नाव उभा सारस. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण बोललेलं कळत होतं. त्याचं नवल दोघांनाही वाटलं नाही.

"आलो बाबा," म्हणत टलीने एका हिसक्यात खुंटा उपटला.

सारस जागचा हलला नाही. त्याने फक्त डोळे मिटले.

"जा की आता. मोकळा आहेस."

"मला कुणी बांधलं नव्हतं," सारस म्हणाला. "मीच ठोकला होता. माणसं पार होईपर्यंत उभं राहायचं, हा आमचा नेम. सोबत्याने खुंटा उपटून चाबकाने हाकललं, तरच जाता येतं. माझे सोबती सगळे मेले. आता उपटलास तू, म्हणजे सोबती तूच."

मागे मैदान सुटलं. खुरटं झाड मागे पडलं. गोळ्या झोपेतून उठल्यासारख्या हळूहळू निघाल्या. नदीत बायका अजून कमरेएवढ्या पाण्यात होत्या. भलं करायला म्हणून आलो आणि हे काय करून बसलो, या विचाराने टलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मारावंच लागेल?"

"लागेल." सारसने मनगटातला चाबूक काढून दिला आणि पट्टा उतरवला.

टलीने मारला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सारस पळत नदीत शिरला आणि त्याने एका म्हातारीला खांद्यावर घेतलं.

टलीने पट्टा गळ्यात घातला, टोक जमिनीवर दाबलं आणि खुंट्यावर हातोडा घातला. तीन घाव पुरले.

मैदान थांबलं. सर्वांत पुढची गोळी त्याच्या कोटाच्या दुसऱ्या गुंडीपासून बोटभर अंतरावर थांबली. तिची धग त्याला लागत होती.

"अजून एक दौड," कॅप्टन म्हणाला.

जोनासने मात्र घोडा थांबवला. दोन्ही बंदुका त्याने गवतात ठेवल्या आणि तो चालत निघाला. फार भला माणूस. बारा वर्षांत त्याने टलीला अडचणीत कधी एकटं टाकलं नव्हतं.

"जोनास, खुंट्याला हात लावू नकोस. गोळ्या बघ. नदीत माणसं आहेत."

"असू दे, असू दे," बुजलेल्या घोड्याशी बोलावं तसं जोनास बोलला. "घाबरू नकोस. मी आलोय ना."

त्याने गुडघे टेकले आणि खुंटा दोन्ही हातांनी घट्ट धरला.